घरच्या पाण्याचा कॅन

आक्का,

मोहननं टेम्पो आमच्या कंपनीच्या गेटसमोर लावला आणि इंजिन बंद केलं, तेव्हाच मला समजायला हवं होतं. त्याचा तो जुना टेम्पो एकदा बंद केला की ढकलल्याशिवाय चालू होत नाही, म्हणून पाच मिनिटांच्या कामाला तो इंजिन चालूच ठेवतो. त्या धुरावरून तू त्याला किती बोलायचीस. त्या दिवशी मात्र त्यानं चावी खिशात टाकली, जवळ आला आणि म्हणाला, "साब, अपनी आक्का गई. घाटावर कांदा भरायला गेलतो, तिकडं समजलं. तीन दिन हो गए."

मी "बरं" म्हणालो. मग स्टोअरमध्ये परत गेलो. मागच्या शेडमध्ये रिकामी पिंपं रचलेली होती. वीस वर्षं मी ती रोज बघतोय. त्या दिवशी त्यांच्याकडे पाठ करून बसलो.

तू होतीस तेव्हा मी तुला 'तुम्ही' म्हणायचो. मी तुझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, तरी तूही मला "भाऊ, तुमी" असंच म्हणायचीस. आज मी तुला 'तू' म्हणतोय, सख्ख्या बहिणीला म्हणतात तसं. तो हक्क माझा नाही. पण जे सांगायचं आहे ते 'तुम्ही' म्हणून सांगता येत नाही, चार वेळा कागद फाडून झालाय.

तू मला एकदा एक साधा प्रश्न विचारला होतास आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं होतं. ते खोटं नऊ वर्षं तू भोगलंस. मी इकडे अंबरनाथला रोज आठच्या भोंग्याला कामावर जात होतो, मुलींची लग्नं-शिक्षणं बघत होतो, रविवारी मटण आणत होतो.

पण आधी बाकीचं आठवू दे. तुझी आठवण त्या एका दिवसावरच येऊन थांबली तर तो दुसरा अन्याय होईल.

तुझा भाऊ म्हाळू मेंढ्या पाळणारा, माझ्या बायकोच्या माहेरापासून कोसावर तुमचा वाडा. आमच्या कंपनीतल्या एका साहेबानं बदलापूरकडे जमीन घेतली, त्याला मेंढ्या पाळायची हौस आली आणि मी मध्ये पडलो. मग एकाचं बघून दुसऱ्यानं मागितली. कुळगावच्या शेतकऱ्यांना लेंडीखतासाठी हवी होती, साहेब लोकांना मिरवायला. दिवाळी झाली, जमीन वाळली, की माझ्या सुट्टीच्या दिवशी मोहनचा टेम्पो घेऊन आम्ही माळशेज घाट चढून यायचो आणि दूध तुटलेली कोकरं घेऊन उतरायचो. पहिल्या खेपेला मला वाटलं होतं, म्हाळू एखादा गडी देईल बरोबर. तर खांद्यावर घोंगडी आणि हातात पाच लिटरचा पिवळा कॅन घेऊन तू आलीस आणि सरळ मागे चढलीस.

मोहन म्हणाला, "आक्का, आगे बैठो ना. सीट हाय."

"आन ह्यांच्या संगं कोन बसंल? तुजी सासू?"

तेव्हा मोहनचं लग्न व्हायचं होतं. उल्हासनगरात त्याचे लोक मुलगी बघत होते. तो मुरबाडपर्यंत हसत होता. घाटाच्या वळणांवर तू उभी राहायचीस, एका हातानं वरची दांडी धरून, आणि पायानं एकेका कोकराला उठवायचीस. गाडीत बसलेलं कोकरू बाकीच्यांच्या पायाखाली जातं, ते मला तुझ्याकडून कळलं. चार तास तू कोणाला बसू दिलं नाहीस आणि स्वतःही बसली नाहीस.

आणि त्या कॅनवरून आपलं भांडण सुरू झालं, ते कधी मिटलंच नाही. कॅनमध्ये तुमच्या विहिरीचं पाणी होतं. नव्या जागी पोचलं की तू आधी तिथल्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन स्वतः चाखायचीस. मग कोकरांना पहिल्या दिवशी निम्मं घरचं आणि निम्मं तिथलं, दुसऱ्या दिवशी पाव घरचं, तिसऱ्या दिवशी नुसतं नावाला घोटभर. तीन दिवस तू त्यांच्याबरोबर तिथंच राहायचीस, त्यांच्यातच निजायचीस. तुझं म्हणणं, लेकरू आईला चार दिवसांत विसरतं, पण पाण्याला विसरत नाही. मी इंटर सायन्सला दोनदा बसलेला माणूस. मी तुला सांगायचो, "आक्का, पाणी म्हणजे पाणी. इथलं काय आणि तिथलं काय."

"मंग सासुरवाडीला आलं की तुमचं प्वाट का बिघाडतं, भाऊ?"

यावर माझी बायको इतकी हसली होती की तिच्या हातातली परात पडली. बुवापाड्याच्या आमच्या खोलीत तू पहिल्यांदा आलीस तेव्हाची गोष्ट. तिनं तुला तांब्या दिला, तू वास घेतलास आणि म्हणालीस, "ह्याला लोखंडाचा वास हाय." आम्ही तेच पाणी दहा वर्षं पीत होतो, आम्हाला काही वास येत नव्हता. तू मग कॅनमधलं उरलेलं घोटभर पाणी त्यात ओतलंस आणि प्यालीस. ते उरलेलं तू नेहमी स्वतः पिऊन संपवायचीस. घरचं पाणी परत न्यायचं नसतं म्हणायचीस, नेलं की जनावर रुजत नाही.

ते तीन दिवस तुझे स्वतःचे होते, हे मला उशिरा कळलं. नवऱ्यानं दोन वर्षांत परत पाठवलेली बाई, भावाच्या वाड्यावर राबणारी, वहिनीच्या हाताखालची. इकडे कुळगावात मात्र तुला कोणी टाकलेली म्हणत नव्हतं. 'कोकरंवाली आक्का' म्हणायचे. तिथले शेतकरी विठ्ठलकाका तर तुझ्यासाठी तांदळाच्या भाकरी करायला सांगायचे आणि तू विहिरीचं पाणी चाखेपर्यंत कोकरांना गाडीतून उतरवू द्यायचे नाहीत. चार वर्षं तुझ्या हातचं एकही कोकरू दगावलं नव्हतं. मी ते लोकांना अभिमानानं सांगायचो, जसं काही माझंच कर्तृत्व.

आता तो दिवस.

विठ्ठलकाकांनी अठरा कोकरं मागितली होती आणि मला म्हणाले होते, "पान्याला कायतरी बघा की. तुमच्या कंपनीत पिंपां परलेली असतान." मी म्हणालो, देतो की. असा मोठेपणा मला फार आवडायचा. आमच्याकडे रिकामी पिंपं दोन रांगांत असायची. एका रांगेत साबणाच्या पाण्याची, ती लोक नेहमी न्यायचे, उल्हासनगरात अर्धी कापून आणायचे आणि घरात पाणी भरायचे. दुसऱ्या रांगेतली पिंपं कीटकनाशकाच्या कच्च्या मालाची, ती कोणाला द्यायची नव्हती. त्या आठवड्यात पहिली रांग संपली होती. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी स्टोअरकीपर होतो, माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण शब्द दिला होता, आणि पुढच्या आठवड्यात देतो म्हणायला जीभ वळली नाही. दुसऱ्या रांगेतलं एक काढलं, मधोमध कापून घेतलं, सोडा घालून तीनदा धुतलं, दोन दिवस उन्हात ठेवलं. नाक आत घालून बघितलं. वास आला नाही. माझं नाक त्या कंपनीत कधीच मेलं होतं.

तू विहिरीचं पाणी चाखलंस आणि गोड आहे म्हणालीस. मग ते अर्धं पिंप पाण्यानं भरलं. तू वाकलीस आणि तशीच थांबलीस.

"भाऊ, ह्याच्यात काय व्हतं?"

"साबण."

"साबनाचा वास न्हाय ह्यो."

"साबणच आक्का. तुमचं आपलं काहीतरी. पाणी म्हणजे पाणी."

एवढंच बोलणं झालं. तू माझ्याकडे बघितलंस, मग कॅनचं झाकण उघडलंस. माझ्यावर विश्वास ठेवायला तुला एवढाच वेळ लागला.

कोकरं पाण्याला तोंड लावून मागे सरत होती. दिवसभराची तहानलेली अठरा कोकरं, आणि एकही पीत नव्हतं. दुसरं कोणी असतं तर सोडून दिलं असतं. तू सोडणारी नव्हतीस, तुझं कामच ते होतं. तू घरचं पाणी जवळजवळ सगळं त्यात ओतलंस. गूळ विरघळवलास. मग एकेकाला मांडीशी धरून, त्या पाण्यात बोटं बुडवून त्यांना चोखायला दिलीस आणि बोटं हळूहळू पाण्याखाली नेलीस. बोटाच्या नादानं ती प्यायला लागली. वर तू माझीच समजूत काढलीस, "आज ऐकंनात भाऊ. लाडावल्यात जरा." चारच्या सुमाराला सगळी प्याली होती. तुझं तोंड उजळलं होतं. मी आणि मोहन चहा पिऊन अंबरनाथला परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलकाका सायकल मारत कंपनीच्या गेटवर आले. "उठून बघतो तं तीन पिल्लां परलेली. तोंडाला फेस. बाकीची थरथरतान. आक्का सोताच वकतेय."

आदल्या दिवशी तुझी बोटं तासन्‌तास त्याच पाण्यात होती, म्हणून तूही ओकत होतीस. मी पोचलो तोवर सहा गेली होती. एक तुझ्या मांडीवर होतं, पाय ताठ झालेलं. तू पदराचं टोक त्याच पिंपात बुडवून त्याच्या तोंडात पिळत होतीस. मी ते बघितलं आणि तेव्हाही बोललो नाही. घाईघाईनं जवळ आल्यासारखं केलं, ठेच लागल्यासारखं केलं आणि पिंप पायानं उलटं केलं. सात वाचली, ती त्यामुळे. हे मी स्वतःला कितीदा सांगितलंय. पण आक्का, पिंप उलटं करायला सुचलं याचा अर्थ मला त्या क्षणी सगळं कळलेलं होतं. दुपारपर्यंत अकरा गेली.

ढोरांचा डॉक्टर आला. कुठून आणलीत विचारलं, घाटावरून म्हटल्यावर म्हणाला, पाणी मानवलं नाही. तो परत स्कूटरवर बसला तरी तू त्याच्याकडेच बघत होतीस. मग म्हणालीस, "ती पीत न्हवती. म्या पाजलं." संध्याकाळपर्यंत तू हे एकच वाक्य बोलत होतीस. विठ्ठलकाकांना, मोहनला, मला. मी तुझ्या शेजारी बसून "असं नाही आक्का, असं नाही" म्हणत होतो. कसं होतं, ते सांगत नव्हतो.

काकांच्या बांधाला, शेवग्याखाली, आम्ही खड्डा घेतला. ते झाल्यावर मी काकांना म्हणालो, पिंप गळतंय, परत नेतो. छिन्नीनं त्याला चार भोकं पाडली, म्हणजे खरंच गळेल. कंपनीमागच्या खाचेत नेऊन टाकलं. परत जाताना तू टेम्पोत पुढे बसलीस. मागे कोणी नव्हतंच. कॅनच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं, ते तू त्या दिवशी प्यायली नाहीस.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, बायकोच्या माहेराहून. म्हाळू म्हणाला, हिच्या हातात पाणी राहिलं नाही. आधी त्यानं कोकरं पोचवायचं बंद केलं, मग तुला मेंढ्यांना पाणी दाखवायला जायचं नाही म्हणाला, मग घरातल्या हंड्यालाही शिवू देईना. तू भांडली नाहीस, कारण तुलाही ते पटलं होतं. मी दोनदा तुमच्या वाड्यावर आलो. दुसऱ्यांदा आलो तेव्हा ओसरीवर तू एकटीच होतीस. पाहुणा आल्यावर तू उठलीस, दारापर्यंत गेलीस आणि शेजारणीला हाक मारलीस, "जरा भावाला पानी दे गं." ती आली, तिनं तांब्या दिला. मला सगळं समजलं. मी ते पाणी प्यालो आणि चहाची वाट बघत बसलो.

गप्प का राहिलो? नोकरी गेली असती, दोन मुली लहान होत्या, आजूबाजूच्या कंपन्यांना टाळी लागत होती. हे खरं आहे, पण दोन वर्षांपुरतंच. मग आमच्या कंपनीनं ते उत्पादनच बंद केलं, मला विचारणारं कोणी राहिलं नाही. उरलेली सात वर्षं मी कशाला भीत होतो, ते मलाच सांगता येत नाही. मला वाटतं, मला तुझ्या नजरेतला 'भाऊ' गमवायचा नव्हता. म्हणजे मी तुझा हात घेतला आणि त्याच्या बदल्यात माझं नाव राखलं. हे लिहितानाही माझी मला शिसारी येते.

तुला कळलं होतं का? तुझं नाक माझ्यासारखं नव्हतं. 'साबनाचा वास न्हाय ह्यो' हे तूच म्हणाली होतीस. पुढे कधी तू ते आठवलं असशील, मनातल्या मनात ओळखलं असशील आणि मला सांभाळून घेतलं असशील, असं मी स्वतःला सांगून बघितलं. तसं मानलं तर मला झोप लागेल. म्हणूनच मी तसं मानणार नाही.

माझी धाकटी गेल्या वर्षी नर्सिंग शिकायला नागपूरला गेली. सामान भरताना तिनं दोन बाटल्या आमच्या नळाचं पाणी भरून घेतलं. आई हसली, तर ती म्हणाली, "आक्का करायच्या तसं. दोन दिवस मिसळून प्यायचं." तू कोकरांना पाजायचीस तेव्हा ती तुझ्या पाठीशी उभी राहून बघायची, सहा-सात वर्षांची होती. तिचं पोट बिघडलं नाही म्हणून पत्र आलं. ते तुला कळवावं असं फार वाटलं होतं. तेवढं पत्र तरी टाकायला हवं होतं.

दहाव्याला आलो. नदीवर सगळ्यांनी तुला ओंजळ-ओंजळ पाणी दिलं. म्हाळूनं मला पुढे बोलावलं. म्हणाला, "भाऊ म्हनायची तुमाला. द्या पानी." मी ओंजळ भरली आणि हात उचलेना. पाणी बोटांतून गळून गेलं. लोकांना वाटलं, दुःखानं. मी म्हाळूला बाजूला घेतलं आणि सांगितलं. पिंप, दुसरी रांग, सोडा, साबण, छिन्नी, सगळं.

मला वाटलं होतं, तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मंजी तिचा हात न्हवता?"

"नव्हता."

"नऊ वर्सं म्या तिला हंड्याला शिवू दिलं न्हाय." मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मला नसतं सांगितलं तरी चाललं आसतं. तिला सांगायचं व्हतं."

वाड्यावर गेल्यावर त्यानं खुंटीवरचा पिवळा कॅन काढला. तू तो कोणाला रिकामा करू दिला नव्हतास म्हणे. त्यानं झाकण उघडून वास घेतला, कॅन विहिरीवर नेऊन धुतला, काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. "ती कोकरं कुठं पुरली ते तुमालाच ठावं," एवढंच बोलला. पोचवायला कोणी आलं नाही. कॅन मांडीवर घेऊन एसटीनं आलो.

काल कुळगावला गेलो. विठ्ठलकाकांची जमीन त्यांच्या मुलांनी बिल्डरला दिली, विहीर बुजवली, शेवगाही तोडलाय. खांब उभे आहेत, वाळूचे ढीग आहेत. बांध कुठे होता ते मी रस्त्याकडून पावलं टाकत शोधलं आणि विटांच्या चुऱ्यावर कॅन वाकडा केला. तिथला वॉचमन खुर्चीवरून ओरडला, "चाचा, किसको पानी डाल रहे हो? वहाँ झाड तो है नहीं."

तळाशी घोटभर ठेवलं, तू ठेवायचीस तसं, आणि ते मी प्यालो. मग तिथंच उभा राहून तुला सांगितलं, मोठ्यानं, त्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

आक्का, साबण नव्हता.